महाभारताची चिकित्सित आवृत्ती

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादकत्व १९२५ मध्ये ज्यांनी स्वीकारले, त्या डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी, काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंतच्या हस्तलिखितांतील मजकुराची रुजुवात करून, पाठभेदांचा तपशील तळटीपांत नमूद करण्याचा कडक शिरस्ता घालून दिला. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची सर्वतोमुखी कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवताना त्यांनी लोकप्रियतेची भीड बाळगली नाही. पुराव्यास उतरेल तेवढेच सांगावे, हेच तर संशोधनाचे प्रयोजन! १९४३ मध्ये ते निवर्तले, आणि बेलवलकर व वैद्य या उत्तराधिकाऱ्यांनी ते कार्य १९६६ साली सिद्धीस नेले.