घेणे आणि 'टेक'

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाची 'टेक' या क्रियापदाशी फार लवकर गाठ पडते. 'टेक म्हणजे घेणे' असे तो पाठ करतो. हा अर्थ खोटा नाही. तथापि केवळ त्यावर विसंबणारा विद्यार्थी पुढे अडखळल्यावाचून राहत नाही.

प्रथम या शब्दाचे कूळ पाहू. तो मूळचा इंग्रजीचा नव्हे. घेणे या अर्थी जुन्या इंग्रजीत 'निमन' असे क्रियापद होते. जर्मन भाषेतील 'नेमेन' हे त्याचेच भावंड. इ. स. ८६५ मध्ये डेन लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडात उतरले व पुढे त्या लोकांनी पूर्वेकडे आणि उत्तरेकडे वस्ती केली. १०१६ मध्ये तर त्यांचा कॅन्यूट हा तेथील राजा झाला. त्यांच्या भाषेतील 'टाका' या क्रियापदापासून 'टेक' आला आणि त्याने 'निमन'ला हळूहळू पदच्युत केले. बधिर या अर्थाच्या 'नम' या शब्दात मात्र त्याचा अवशेष आहे: ज्याची संवेदना हिरावून घेतली गेली, ते अंग बधिर.

आता व्यवहार पाहू. इंग्रज मनुष्य मुलास शाळेत 'टेक' करतो, आपण नेतो. त्याचे काम दोन तास 'टेक' करते. आपल्या कामास दोन तास लागतात. छायाचित्र तो 'टेक' करतो, आपण काढतो. परीक्षेत तर दिशाच उलटते. आपला विद्यार्थी परीक्षा देतो व परीक्षक ती घेतो. इंग्रजीत ती विद्यार्थीच 'टेक' करतो. म्हणून एखाद्या उमेदवाराने अर्जात 'आय गेव्ह ॲन एक्झाम' असे लिहिले, तर परदेशी वाचकास तो परीक्षक वाटण्याचा संभव असतो.

याच्या उलट प्रमादही घडतो. पाहुण्यास 'बसा' म्हणण्याऐवजी 'आसन घ्या', आणि 'सावकाश होऊ द्या' याऐवजी 'तुमचा वेळ घ्या', असे मराठी आता कानी पडते. यात शब्द आपले आहेत, परंतु वळण परके आहे.

यास्तव पालकांनी मुलास एकाच अर्थावर न थांबवता 'टेक'ची पाच वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकाचे मराठी त्यालाच शोधावयास लावावे. इंग्रजी तर पक्के होईलच. शिवाय नेणे, लागणे, काढणे, देणे ही आपली क्रियापदेही त्याच्या ओठी राहतील.