कोयनेच्या भिंतीची राखण



आपल्यापैकी अनेक घराण्यांची मूळ गावे सातारा-सांगलीकडची. हैदराबादेत पिढ्या गेल्या, तरी कृष्णेशी नाते आहेच. कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे नागार्जुनसागरातून कृष्णेचे पाणी आपल्या नळाला येते. म्हणून आम्ही मंडळातली निवृत्त अभियंते मंडळी आज कोयना धरणाविषयी बोलणार आहोत.

साठच्या दशकात उभे राहिलेले हे धरण सुमारे 103 मीटर उंच आहे. ते रबल काँक्रीटचे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून बांधलेले. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित, असा तेव्हा समज होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे तो समज मोडला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली. धरण फुटले नाही. पण भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांत इपॉक्सी भरली, पोलादी तारांनी भिंत ताणून बांधली, मागून काँक्रीटचे टेकू दिले. पुढे सांडव्याचा भागही मजबूत केला.

आता या भिंतीचे वय झाले आहे. झिरपणारे पाणी काँक्रीटमधला चुना वाहून नेते. त्याच चुन्याने निचऱ्याची छिद्रे बुजली, की धरणाला खालून उचलणारा पाण्याचा दाब वाढतो. दरवाजे गंजतात. तिथे भूकंपाचे धक्के अजूनही बसतात. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. यातले बरेचसे रस्त्यावरून दिसत नाही. भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत उतरून, गळती मोजून, नोंदी ताडूनच ते कळते.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली, आपत्कालीन कृती आराखडाही सक्तीचा केला. पण आराखडा कार्यालयातल्या कपाटात राहिला, तर नदीकाठच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

तेव्हा या गणपतीत गावाकडे फोन कराल, तेव्हा एवढे विचारा: धोक्याची सूचना गावात कशी येते? रात्री पाणी वाढले, तर कोणत्या वाटेने उंचावर जायचे? उत्तर मिळाले नाही, तर ग्रामसभेत हाच प्रश्न मांडायला सांगा. धरणाची राखण अभियंते करतील. गावाची वाट गावालाच ठाऊक हवी.

गणपती बाप्पा मोरया!