बचावफळीतला कामगार

(ठाण्यातील नौपाडा येथे कार्यकर्त्यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



नौपाडा ही नोकरदार माणसांची वस्ती. येथे क्रिकेटची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर चालते, फुटबॉलची क्वचितच. मग कार्यकर्त्यांच्या सभेत एका फुटबॉलपटूची कारकीर्द हा विषय कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. लक्षावधी लोकांची जी करमणूक, ती काही शेकडा तरुणांचा पोटापाण्याचा धंदा झाली आहे. आणि जेथे पोटापाण्याचा प्रश्न आला तेथे वेतन, करार, दुखापत, निवृत्ती व संघटना हे सारे प्रश्न ओघानेच आले. व्यावसायिक खेळाडू हा वलयांकित असला तरी मुळात श्रम विकून जगणारा माणूस आहे, हे सत्य वलयाच्या झगमगाटात दिसेनासे होते. ते दिसावे म्हणून हे उदाहरण.

उदाहरण मुंबईच्या राहुल भेके यांचे. ६ डिसेंबर १९९० हा त्यांचा जन्मदिवस. ते बचावपटू आहेत. आघाडीच्या खेळाडूचे काम मोजता येते. किती गोल केले हे वर्तमानपत्रात छापून येते. बचावपटूचे काम गोल होऊ न देण्याचे. जे घडले नाही त्याची नोंद कोण ठेवणार? शिवाय ते काम एकट्याचे नसते. चार जणांची फळी एकमेकांकडे पाहत पुढे सरकते, मागे येते. एकाने जागा सोडली तर शेजाऱ्याला ती भरावी लागते. चूक मात्र एकट्याच्या नावावर पडते. यंत्र चालू राहावे म्हणून राबणाऱ्या देखभाल खात्याच्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भेके मुंबई एफसी या संघातून पुढे आले. २०१४ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्स आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटी या संघांकडे ते उसनवारीने, म्हणजे एका क्लबाने दुसऱ्याला काही काळापुरता दिलेला खेळाडू म्हणून, खेळले. २०१७ ते २०२१ बंगळूर एफसी, २०२१ ते २०२४ मुंबई सिटी एफसी, आणि २०२४ मध्ये पुन्हा बंगळूर. दहा वर्षांत पाच शहरे. ज्या वयात इतर तरुण घर आणि बढती यांचा विचार करतात, त्या वयात पुढील मोसमात बिऱ्हाड कोणत्या गावी, हे या माणसाला ठाऊक नसते.

या प्रवासात यश पुष्कळ आले. २० एप्रिल २०१८ रोजी भुवनेश्वर येथे सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळूरकडून त्यांनी आपल्याच जुन्या ईस्ट बंगालविरुद्ध बरोबरीचा गोल केला आणि बंगळूरने सामना ४-१ असा जिंकला. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध ११७व्या मिनिटाला, जादा वेळ संपत आला असता, त्यांनी कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल सामन्यातील एकमेव ठरला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबवर मुंबई सिटीने २-१ असा विजय मिळविला. आशियाई चँपियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. आणि निर्णायक गोल भेके यांचाच. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीने चषक उचलला, तेव्हा कर्णधार तेच होते. भारतीय संघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला तो ५ जून २०१९ रोजी, थायलंडमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. देशासाठी पहिला गोल १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादला मलेशियाविरुद्ध झाला, तेव्हा तेहतिसावे वर्ष संपत आले होते.

आता याच कारकिर्दीची दुसरी बाजू पाहावी. ज्या मुंबई एफसीने त्यांना घडविले तो संघ २००७ मध्ये स्थापन झाला आणि २०१७ मध्ये बंद पडला. ज्या एफसी पुणे सिटीकडून ते खेळले तो २०१९ मध्ये मोडीत निघाला. त्याआधी पुणे एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हेही संघ गेले होते. कारखान्याला टाळे लागले की दारात सभा होते, निदान बातमी तरी येते. क्लबाला टाळे लागले तेव्हा खेळाडूंनी कोणाच्या दारात बसावे?

याहून जुनी व्यवस्था निराळी होती. मुंबईच्या फुटबॉलचा कणा कंपन्या, गिरण्या, बँका, रेल्वे आणि सरकारी आस्थापना यांचे संघ हा होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया ही नावे जुन्या प्रेक्षकांच्या ओठांवर असत. त्या संघांतील खेळाडू अनेकदा त्या आस्थापनेचा नोकर असे. गुडघा गेला तरी नोकरी राही, भविष्यनिर्वाह निधी राही. आज भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील स्वतः महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले. मुंबई एफसीत भेके यांचे प्रशिक्षकही तेच. १९६२ साली उभा राहिलेला महिंद्रचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये विसर्जित झाला. व्यावसायिक परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ आय-लीगमधून वगळले गेले.

त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत खेळाडू साहेबाच्या मर्जीवर असे, दर्जा वाढविण्याची निकड कोणालाच नसे, आणि खेळावर उपजीविका करण्याचा हक्क असा तीत नव्हताच. ती मालकाची मेहेरबानी होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. जुनी गेली तेव्हा तिच्याबरोबर निर्वाहाची हमी गेली, आणि नवी आली तेव्हा मोबदला वाढला पण हमी आली नाही. कायम नोकरीच्या जागी कंत्राट येण्याचा जो अनुभव वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंतच्या कामगाराने घेतला, तोच येथे गणवेश बदलून आला आहे.

२०२५ साली याची प्रचीती आली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी आपले व्यापारी हक्क रिलायन्सशी संबंधित कंपनीकडे सोपविले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. म्हणून जुलैमध्ये पुढचा मोसमच स्थगित झाला. ऑगस्टच्या आरंभी बंगळूर एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवीत असल्याचे जाहीर केले. भेके त्या वेळी याच संघात होते. त्याच महिन्यात ते भारताच्या बचावफळीत उभे राहण्यासाठी मध्य आशियात गेले, आणि ८ सप्टेंबरला ताजिकिस्तानात ओमानला हरवून भारताने तिसरा क्रमांक मिळविला. देशाचा झेंडा छातीवर, आणि ज्या क्लबाशी रोजगाराचा करार त्याचे वेतन बंद! नोव्हेंबरमध्ये व्यापारी हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग होईल, असे जाहीर केले. ज्यांच्या श्रमावर हा डोलारा उभा आहे, त्यांच्या वाट्याला या साऱ्या काळात केवळ वाट पाहणे आले.

खेळाडूंची बाजू अगदीच उघडी आहे असे नाही. दोन महिन्यांचे वेतन थकले तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार सोडण्याचा हक्क जागतिक महासंघाच्या नियमांनी दिला आहे. पण तिशी ओलांडलेला बचावपटू, खिडकीबाहेर दुसरी लीगच नसताना, हा हक्क बजावून जाणार कोठे? एकट्याच्या हातातील हक्क दुबळा असतो. भायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली खेळाडूंची संघटना देशात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लीगच्या खेळाडूंनी एकत्र निवेदनही काढले. ते निवेदन आर्जवाचे होते. आर्जवाचे रूपांतर वाटाघाटीच्या सामर्थ्यात व्हायचे आहे.

ते होऊ शकते, याला इतिहास साक्षी आहे. इंग्लंडमध्ये १९०७ साली मँचेस्टर येथे खेळाडूंची संघटना स्थापन झाली. आठवड्याला चार पौंड ही कमाल वेतनमर्यादा तेव्हा लागू होती. १९०९ मध्ये तेथील महासंघाने संघटना सोडा, नाहीतर खेळ सोडा, असे फर्मान काढले. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी ते धुडकावले. त्यांचा नेता कर्णधार चार्ली रॉबर्ट्स, मध्य-बचावाच्या जागी खेळणारा. निलंबित झालेल्या या मंडळींनी स्वतःला ‘बहिष्कृतांचा संघ’ असे नाव घेतले. मोसम सुरू होण्याच्या सुमारास महासंघाला संघटना मान्य करावी लागली. व्यापक कामगार चळवळीशी नाते जोडण्याचा विचार मात्र खेळाडूंना सोडावा लागला, आणि कमाल वेतनाची मर्यादा उठायला १९६१ साल उजाडले. लढा लांबला, पण तो एकजुटीनेच पुढे गेला.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, खेळाडूंच्या संघटनेला कामगार संघटनांनी आपल्यातील मानावे. करार वाचण्यासाठी वकील, थकबाकीसाठी पाठबळ, दुखापतीच्या विम्यासाठी आग्रह, ही मदत मोर्चाइतकीच मोलाची आहे. दुसरे, मोसम रद्द झाल्यास वेतनाचे दायित्व कोणाचे, हे करारातच लिहिले जावे, अशी मागणी लोकप्रतिनिधींमार्फत लावून धरावी. तिसरे काम याच वस्तीतले आहे. नौपाड्याच्या गावदेवी मैदानाच्या पोटात वाहनतळ झाला. वरची जागा मुलांच्या खेळासाठीच राहते की समारंभांना भाड्याने जाते, यावर नागरिकांनी जागता पहारा ठेवावा. मैदान नसेल तर खेळाडू केवळ फी भरू शकणाऱ्या घरांतूनच येतील, आणि कष्टकऱ्याच्या मुलाला हा धंदाही बंद होईल.

बचावपटूला पहिला धडा शिकवितात तो फळी न मोडण्याचा. भेके यांच्यासारख्या खेळाडूंनी तो मैदानावर आयुष्यभर पाळला. मैदानाबाहेर ती फळी उभी करण्याचे काम एकट्या खेळाडूंचे नाही; नौपाड्यातील नोकरदारांचे आणि वागळे इस्टेटच्या कामगारांचेही आहे. त्याची सुरुवात या महिन्यात मैदानाच्या प्रश्नावर सह्या गोळा करण्यापासून करता येईल.