बापाकडचा कागद

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मालेगाव तालुक्यातली एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बारावी सायन्स, सीईटी दिलेली, इंजिनिअरिंगला जायचे म्हणत होती. फीची काळजी नव्हती. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. अडले ते जात पडताळणीवर.

ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तोही बापाच्या घराण्यातला. ही आई टाकलेली. दहा वर्षे माहेरी राहून, निंदण-सोंगणी करून तिने मुलगी शिकवली. माहेरी जुने कागद आहेत, जातही तीच. पण ते चालत नाहीत! बापाच्या किंवा आजोबांच्या बहिणींचा चालला असता, पण त्या शाळेत गेल्या कुठे होत्या?

मुलीच्या काकाने राखीव जागेवर ग्रामपंचायत लढवलेली, म्हणून त्याच्याकडे पडताळणीचे प्रमाणपत्र होते. त्याची झेरॉक्स मिळती तर काम सोपे होते. मी स्वतः गेले. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "कागद देतो नं ताई. फक्त वहिनीले म्हना, खावटीची केस मांगं घ्या."

फी माफ केली सरकारने, आणि कुलपाची किल्ली राहिली दिराच्या खिशात.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय लग्नातल्या मुलांबाबत सांगितले, की मूल बापाच्याच जातीचे असे सरसकट धरू नये, ते कुठे वाढले तेही बघावे. मग एकाच जातीतल्या टाकलेल्या बाईच्या कागदाला किंमत का नाही? ही मागणी आपण लावून धरायला हवी.

केस मागे घ्यायला मुलीनेच नाही म्हटले. आम्ही तिच्या बापाच्या गावच्या शाळेत चार खेपा घातल्या. दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांची नोंद सापडली, 1954 ची. तेव्हा वाशीम मध्य प्रदेशात होते! पण तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. वर्ष गेले. यंदा तिला गॅपचे प्रतिज्ञापत्र करावे लागले, मधल्या वर्षात काय करत होतीस म्हणून. कागद शोधत होते, असे लिहायला त्यात जागा नव्हती.

त्या रजिस्टराची पाने हात लावला की तुटतात. तुमच्या गावात एकट्या आईची मुलगी दहावीत असेल, तर नक्कल आत्ताच काढून आणा. बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका.