गोळ्यांचा डबा किलोनं देऊ नका

पावसाळ्याआधी घराची झाडझूड निघाली की माळ्यावरचे जुने टिनाचे डबे खाली येतात, अन् कबाडी ते लोखंडाच्या भावात तोलून नेतो. आज त्यातल्या गोळ्या-चॉकलेटच्या डब्यांबद्दल बोलू.

नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ या गोळ्या आपण चघळल्या आहेत. तिथं १९४२ पासून गोळ्या बनत. २०२४ मध्ये या गोळ्यांची नावं अन् कृती रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटी रुपयांना घेतली. जमीन नाही, यंत्रं नाहीत. फक्त नावं अन् कृती! म्हणजे वेष्टनावरच्या नावालाही मोल असतं. म्हणूनच असे जुने डबे अन् कागद हौसेनं जमवणारे लोक आहेत.

डबा किती जुना, हे त्यावरूनच कळतं. किंमत आण्यात असेल तर तो साधारण १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी नये पैसे आले. पत्त्यात पिन कोड असेल तर १९७२ नंतरचा.

असा डबा राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासू नका. रंग गेला की मोल गेलं. ओलसर कापडानं हलकेच पुसा, लगेच कोरडा करा. कागदी वेष्टन डिंकानं चिकटवू नका. वहीच्या पानांत सपाट ठेवा अन् वही वाळवीपासून उंचावर ठेवा.

विकायचाच असेल तर कबाड्यासोबत तोलू नका, नगावर भाव विचारा. पण त्याआधी घरातल्या आजीला विचारा. किती घरांत असा डबा हीच बाईची तिजोरी होती! मोहफूल विकून आलेले पैसे, नाकातली फुली, जमिनीचा कागद, सारं त्यातच. तो डबा तिचा आहे, तिच्या होकाराशिवाय दाराबाहेर जायला नको. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातला एक जुना डबा आणावा. अन् गटाच्या मोहाच्या लाडवांचं पहिलं लेबल तारीख घालून जपून ठेवावं. आपलंही नाव उद्या जुनं होणार आहे, बायांनो.