भरतीचं पळणं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर

आजचा भाग भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी. पहाटे नगर, पाथर्डी, शेवगावकडे कुठल्याही रस्त्याला बघा, पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानीच्या ५० गुणांपैकी २० त्यालाच. म्हणून रोज जीव तोडून पळायचं. मग नडगी दुखते, दम वाढत नाही, आणि ऐन भरतीच्या तोंडावर पाय बसतात.

प्रश्न हा की हळू म्हणजे नेमकं किती हळू? मोबाईल सांगतो, २२० वजा वय. पण तो सरासरीचा आकडा. तुमचा खरा आकडा त्याहून १०-१२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो.

आता गंमत ऐका. नाडी १५० असेल तर दोन ठोक्यांत सरासरी ४०० मिलिसेकंद. पण प्रत्येक अंतर तेवढंच नसतं. कधी ३९६, कधी ४०३. या चढउताराला म्हणतात हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. या चढउतारात एक लय असते. ती मोजायचा आकडा म्हणजे डीएफए अल्फा-१. आरामात पळताना तो साधारण १ किंवा जास्त असतो. जोर वाढला की घसरतो. ०.७५ च्या आसपास पहिली पायरी: याच्या खाली गप्पा मारत तासभर पळता येतं. ०.५ ला लय मोडते, ठोके विस्कळीत होतात. ही दुसरी पायरी: इथून पुढे फार वेळ टिकत नाही.

करायचं कसं? छातीचा पट्टा लागतो. मनगटावरचं घड्याळ पळताना एवढं बारीक अंतर नीट पकडत नाही. अल्फा-१ दाखवणारं ॲप घ्या, सपाट रस्ता निवडा, १० मिनिटं वॉर्म-अप करा, मग दर काही मिनिटांनी वेग थोडाच वाढवा. ॲप शेवटच्या दोन मिनिटांचं गणित करतं, म्हणून घाई नको. ०.७५ ला नाडी किती होती, लिहून ठेवा. आठवड्यातलं बरंचसं पळणं त्याखाली, एक-दोन दिवस जोरात.

ही चाचणी कळसूबाईवर करू नका बरं! बारीतून १६४६ मीटरच्या शिखरापर्यंत चढ सतत बदलतो, आकडा गोंधळतो. पण मिळालेली नाडीची मर्यादा तिथे कामाला येते. ती ओलांडली की थांबा, दम घ्या.

सावध राहायच्या गोष्टी: पट्टा कोरडा किंवा सैल असेल तर आकडा खोटा येतो. झोप कमी, थकवा जास्त असेल तर तो लवकर घसरतो. माणसागणिक फरकही पडतो. ठोके अनियमित असतील किंवा छातीत दुखत असेल, तर ॲप बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

पट्ट्याला पैसे नाहीत? मित्रासोबत पळा. पूर्ण वाक्यं न धापता बोलता येतायत, तोवर पहिल्या पायरीच्या आत आहात. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. उद्या सकाळी करून बघा आणि काय झालं ते आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!