झील कोण धरणार?

(हुडकेश्वर, नागपूर येथील एका वाचनालयात दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



गेल्या महिन्यात याच वस्तीतील मोकळ्या मैदानावर एका जुन्या कलापथकाचा कार्यक्रम झाला. आपल्यापैकी पुष्कळजण त्यास हजर होते, मीही होतो. हेच पथक मी प्रथम ऐकले ते नोव्हेंबर १९७९ मध्ये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला होता, ते हे दिवस. त्या काळी चौकाचौकांत डफ वाजत असे आणि गाणे ऐकून घरी जाणे आम्हांस शक्यच होत नसे. आम्ही गाण्यामागून चालू लागत असू.

पथकाचे नाव मी घेत नाही. त्या मंडळींनी स्वतःची पाटी कधी लावली नाही, आज मी ती का लावावी?

त्या वेळचे पाचजण होते, आता तिघे उरले आहेत. मुख्य शाहिरांनी सत्तरी ओलांडली आहे. पूर्वी छातीशी उंच धरलेला डफ आता मांडीवर टेकलेला असतो. पट्टी खाली आली आहे आणि एकेका ओळीनंतर श्वासासाठी थांबावे लागते. पहिल्या गाण्यालाच माझ्या शेजारच्या समवयस्क मित्राने डोळे पुसले. खरे सांगायचे तर माझेही डोळे भरले होते. परंतु घरी आल्यावर मी स्वतःला विचारले, हे अश्रू कशासाठी होते? गाण्यातील दुःखासाठी खचितच नव्हते. ते आमच्या गेलेल्या तारुण्यासाठी होते. बंडाचे गाणे आम्ही स्मरणरंजन म्हणून ऐकत होतो.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. आमच्या लाँग मार्चच्या दोनतीन वर्षे आधी, १९७६-७७ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये पंक नावाचे संगीत जन्मास आले. मंदी आणि बेकारीने गांजलेल्या तरुणांनी तोडक्यामोडक्या वाद्यज्ञानाच्या बळावर राजसत्तेपासून बाजारापर्यंत साऱ्यांची हेटाळणी आरंभली. त्यांतील सर्वांत गाजलेला वाद्यवृंद सेक्स पिस्टल्स जानेवारी १९७८ मध्ये फुटला. १९९६ मध्ये त्यातील मूळची मंडळी पुन्हा एकत्र आली, तेव्हा त्यांनी आपल्या दौऱ्याला ‘फिल्दी लूकर’, म्हणजे अमंगळ पैसा, असेच नाव दिले. त्यांचा हा रोखठोकपणा मला आवडतो. तिकीट काढणारा श्रोता आपले तारुण्य विकत घ्यायला येतो, हे त्यांना उमगले होते आणि ते त्यांनी लपविले नाही.

आपल्याकडे ही परीक्षा निराळ्या रीतीने झाली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातील अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही १९६९ साली गेले. एकाने पन्नाशी गाठली नव्हती, दुसऱ्याने ती नुकतीच ओलांडली होती. म्हातारपण त्यांच्या गाण्याच्या वाट्याला आलेच नाही. ते आले विठ्ठल उमपांच्या वाट्याला, आणि त्यांनी ते गातच घालविले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी आपल्याच दीक्षाभूमीवरील व्यासपीठावर ते कोसळले आणि गेले. त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षांचे होते. त्यांना कोणी जुना शाहीर म्हटल्याचे मला आठवत नाही.

असे का व्हावे? मला वाटते, याचे उत्तर शाहिरीच्या घडणीतच आहे. शाहीर कधी एकटा गात नाही. त्याच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो. सभा रंगली की मैदानच झीलकरी होते. आवाज थकला तरी गाणे थकत नाही, कारण त्याचे अर्धे ओझे दुसऱ्यांच्या गळ्यावर असते.

त्या संध्याकाळी मी झील ऐकू लागलो. मैदान भरलेले होते, पण झील धरणारे गळे सारे साठीच्या पुढचे. तरुण मुले होती. ती हात उंचावून मोबाईलवर चित्रण करीत होती, आणि चित्रण करणाऱ्याला स्वतःचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून गप्प राहावे लागते. दोष मी त्यांना देत नाही. चाळीस वर्षे आम्ही गप्प होतो, त्यांनी झील शिकायची कोणाकडून?

मध्येच कोणी नामांतराच्या गाण्याची फर्माईश केली. शाहीर थांबले. म्हणाले, “ती मागणी १४ जानेवारी १९९४ रोजी पदरात पडली, अर्धीमुर्धी का होईना. ते गाणे मी म्हणेन, पण आधी त्यासाठी कोणी काय सोसले ते या पोरांना सांगेन.” आणि त्यांनी दहा मिनिटे सांगितले. मोबाईल खाली आले. मग गाणे झाले.

पुढचे गाणे होते घराविषयी. भाड्याच्या खोलीतून सामान रस्त्यावर फेकल्या गेलेल्या कुटुंबाचे. १९७९ मध्ये ते मी घसा फोडून म्हटले होते, कारण तेव्हा मी स्वतः एका खोलीत भाड्याने राहत होतो. आज या परिसरात माझे दुमजली घर आहे. वरच्या दोन खोल्या मी भाड्याने देतो, आणि गेल्याच वर्षी भाडे वाढवून एका कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला जागा सोडायला लावली. झील धरण्यासाठी मी तोंड उघडले आणि आवाज फुटेना. गाणे तेच होते, शाहीरही तेच होते. गाण्यातली माझी जागा तेवढी बदलली होती.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असतो. ती भूमिका केली आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. तो आरोप हास्यास्पद आहे, हे खरेच. परंतु गाण्याने माणूस काही करून बसेल, एवढा विश्वास त्या सरकारी पक्षाला तरी आहे. आपण श्रोते टाळ्या वाजवतो, शाल-श्रीफळ देतो आणि निर्धास्त घरी परततो. गाण्याचा अधिक मान कोण राखतो, याचा निर्णय आपणच करावा.

पुढील महिन्यात त्या पथकाला पुन्हा बोलवावे, असे येथील मित्रांच्या मनात आहे. अवश्य बोलवा. माझी सूचना एवढीच की त्या वेळी सत्कार नको. कार्यक्रमाआधी चार रविवार याच वाचनालयात बसून ती गाणी तरुण मुलामुलींनी त्यांच्याकडून शिकावीत. रोजंदारीवर जाणारी, दुचाकीवरून घरोघरी पार्सले पोचविणारी, कंत्राटावर राबणारी मुले येथे आहेत. आपल्या जगण्याचे शब्द त्यांनी त्या चालींत घालावेत. शाहीर रागावणार नाहीत, त्यांनीही चाली आधीच्यांकडूनच घेतल्या होत्या.

आणि मीही येईन. परंतु ते घराचे गाणे म्हणण्यापूर्वी मला त्या कुटुंबाचा पत्ता शोधावा लागेल. तोपर्यंत झील धरण्याचा अधिकार मला नाही.